ड्राइव्हवर फाईल डोळ्यांदेखत दिसते, पण शोधलं की सापडंना

शिवारफेरी_औसा

राम राम मंडळी.

औशाकडं एका संस्थेत कामाला आहे. शेततळी, नाला खोलीकरण, सोयाबीनवाल्यांचे गट असली कामं. फिल्डवरची माणसं औसा, निलंगा, केज, अंबाजोगाई, कळंब अशी तीन जिल्ह्यांत पांगलेली, ऑफिस लातूरला आणि कागद मागणारे साहेब पुण्यात. ऑफिसनं सगळ्यांना संस्थेचा ईमेल दिला, गूगल ड्राइव्ह दिलं, गूगल चॅटवर तालुक्यावार स्पेस काढून दिले. म्हणलं चला, आता व्हॉट्सॲपवर बोटानं वर वर सरकवत बसायची कटकट गेली.

कटकट कुठली जाते. आधी एका जागी शोधायचो, आता तीन जागी शोधायलोय. परवा पुण्याहून निरोप आला, अंबाजोगाई भागातल्या शेतकऱ्यांची यादी द्या, लगेच. ड्राइव्हच्या शोधपट्टीत "शेतकऱ्यांची यादी" टाकलं तर काहीच नाही. मग एकेक फोल्डर उघडत गेलो तर फाईल आरामात आत बसलेली, आणि नाव काय? "शेतकऱ्यांची यादी". आता बोला.

दुसरी गंमत अशी की यादीच्या चार प्रती निघाल्या. एक नुसती "यादी", एक "यादी सुधारित", एक "यादी सुधारित सरांनी पाहिलेली" आणि एक फोनवरून चढवलेली, तिचं नाव म्हणजे नुसते आकडे. यातली खरी कोणती हे ज्याला माहीत होतं तो गडी मागच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून गेला.

शोधायची काही रीत आहे का? आणि एकमेकांना फाईल पाठवायची धड पद्धत कोणती, म्हणजे या प्रती वाढणार नाहीत? संगणकातलं जास्त कळत नाही, पण सांगितलं तर करतो.

वाळूज_सेकंडशिफ्ट

भाऊ, शोधपट्टीत नुसता शब्द टाकून एंटर मारू नका. पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं बारीक चिन्ह असतं, ते दाबा. फाईलचा प्रकार, मालक कोण, कधी बदललेली, कुठल्या फोल्डरात, सगळं निवडता येतं. नाव आठवत नसलं तरी "एक्सेल होती, अमक्यानं टाकलेली, दिवाळीच्या आसपास" एवढं तर माणसाला आठवतंच. तेवढ्यावर पन्नासातली फाईल पाचावर येते.

आमच्या कारखान्यात मायक्रोसॉफ्ट टीम्स आहे. तिथं एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. दोघांच्या चॅटमध्ये टाकलेली फाईल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यात जाऊन बसते, आणि चॅनलमध्ये टाकलेली फाईल त्या टीमच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात. माणूस गेला, खातं बंद झालं की पहिली अडचणीत येते, दुसरी जागेवर राहते. म्हणून ड्रॉइंग, तपासणीचे रिपोर्ट, काहीही असो, चॅनलमध्येच टाकायचं. तुमच्या गूगलमध्ये याला काय म्हणतात ते इथलं कोणीतरी सांगेल.

बांधावरची_परभणी

वाळूजच्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण औशाच्या भाऊंचं दुखणं वेगळंय. फाईलचं नाव तेच, शोधलं तेच आणि तरी सापडंना. मी परभणीत अशाच एका संस्थेत कागदपत्रं बघते, त्यामुळं हे दुखणं ओळखीचं आहे.

आधी एक करून बघा. फोल्डरात जाऊन त्या फाईलचं नाव कॉपी करा आणि तेच शोधपट्टीत पेस्ट करा. आता सापडली, तर गोम "ऱ्य" मध्ये आहे असं समजा. "शेतकऱ्यांची" मधला तो अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक कीबोर्ड त्याच्यासाठी खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर वापरतो. दुसरा साधा र घेतो, त्याचा पाय मोडतो आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. फाईल लातूरच्या संगणकावर एका कीबोर्डनं नाव देऊन ठेवली आणि तुम्ही फोनवर दुसऱ्यानं शोधली, तर चुकामूक ठरलेली.

आणि आपल्या कामात हा "ऱ्य" किती आहे बघा. बंधाऱ्याचे फोटो. अधिकाऱ्यांचे पत्र. कर्मचाऱ्यांची हजेरी. खोऱ्यातील गावे. निम्मं दप्तर त्याच्यावरच चालतं.

म्हणून आमच्याकडं नियम केलाय की फाईलच्या नावात शब्द मूळ रूपात लिहायचा. "शेतकरी यादी", "बंधारा फोटो", "अधिकारी पत्र". वाचायला जरा सरकारी वाटतं, वाटू द्या. दुसरा फायदा असा की विभक्ती गळून पडते. नाहीतर विहीर शोधली आणि फाईलचं नाव "विहिरींची मोजमापे" असलं, तर दुसऱ्या अक्षराची वेलांटीच बदललेली. लातूर आणि लातुरातील हेही तसंच. मराठीत शब्द वाकतो, शोधपट्टी वाकत नाही.

गावांची नावं हा तर वेगळाच घोळ. अंबाजोगाई घ्या. आमच्याच ड्राइव्हवर अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई अशी तिन्ही निघतात आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांची आणखी वेगळी. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेच्या कागदात एका "आय"चं, बाकी ठिकाणी दोन "ई"चं. शिवाय २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं बदलली. त्याच्या आधीची कुठलीही फाईल शोधायची तर जुनं नाव टाकावं लागतं, नंतरची असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. कळंबचं काम करता ना तुम्ही? मग हे तुम्हाला रोजचं. दोन्ही नावांनी शोधा, आणि ज्याला त्याला संभाजीनगरचं लघुरूप आपल्या मनानं करू देऊ नका.

एकाच नावाची गावंही किती! वडगाव, पिंपरी, पिंपळगाव, हिवरा प्रत्येक तालुक्यात सापडतील. आम्ही त्यावर २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गावकोड लावतो. फाईलच्या नावात गाव आणि कोड दोन्ही. आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नाही, विभक्ती नाही. फक्त एक पाळायचं, आकडे इंग्रजी लिपीत टाकायचे. देवनागरी आकडे वाईट नाहीत, पण अर्ध्यांनी तसे आणि अर्ध्यांनी असे टाकले की शोधही चुकतो आणि फाईलींची रांगही मोडते. तारीखसुद्धा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तशी लिहिली की फाईली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. दिवस आधी लिहिला तर पहिली तारीख सगळ्या वर्षांची एकत्र गोळा होते.

सातबाराचं तर सांगूच नका. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, त्यामुळं कोणी मधे आडवी रेघ मारतो, कोणी तिन्ही आकडे चिकटवतो, कोणी अक्षरी लिहितो. आमच्याकडं "सातबारा", अक्षरी, एक शब्द. ठरवताना महिनाभर वाद चालला होता, खोटं नाही सांगत.

सोयाबीनच्या वाणांचंही असंच. आपल्या विद्यापीठाचं एमएयूएस ७१ घ्या. कोणी मधे रेघ देतं, कोणी जागा सोडतं, कोणी आकडा चिकटवतं. आणि जेएस ३३५ ला तर गावात नुसतं "तीनशे पस्तीस" म्हणतात, कोणी फाईललाही तेच नाव देतं. असं काही शोधायचं असलं तर आधी नुसता आकडा टाका, मग उजवीकडच्या त्या चिन्हातून प्रकार निवडून चाळा.

आता जुन्या फाईली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मराठी फाईली असतील तर त्या बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात. दिसतात मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, वरून फक्त फॉन्टाचं सोंग. त्यात मराठी शब्द शोधून जन्मात सापडणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे, त्यातली एक ओळ कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करायची. मराठीच राहिली तर युनिकोड, म्हणजे आतूनही खरी मराठी अक्षरं. ए, बी, कंस, डॉलर असलं काही उमटलं तर जुना फॉन्ट. त्याला युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि आकडे एकदा डोळ्यांखालून घाला. खाते क्रमांकाच्या रकान्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, ताई, हजार फाईलींची नावं बदलायला बसू का? नका बसू. वेळ वाया जाईल आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवीन "यादी सुधारित" टाकेल. ज्या फाईली वर्षातून पुन्हा पुन्हा मागितल्या जातात तेवढ्याच घ्या. फाईलवर उजवी कळ दाबून तिची माहिती उघडा, तिथं डिटेल्समध्ये डिस्क्रिप्शन नावाची रिकामी जागा असते. लोक तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. तिथं लिहिलेलं शोधात येतं. त्यात गावाची सगळी स्पेलिंगं, जुनं-नवं जिल्ह्याचं नाव, इंग्रजीत "फार्मर लिस्ट", मराठीत "शेतकरी यादी", गावकोड, सगळं ओतून ठेवा. नाव नीटनेटकं राहतं आणि कोणी कसंही शोधलं तरी फाईल हाती लागते.

स्कॅन केलेल्या कागदांबद्दल एक. छापील पीडीएफ आणि फोटोंमधला मजकूर ड्राइव्ह बऱ्यापैकी वाचतं आणि शोधात दाखवतं. पण ग्रामसभेचं हस्ताक्षरातलं इतिवृत्त, तेही ओलाव्यानं पसरलेल्या शाईतलं, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. छापील मराठी कागद असेल तर उजवी कळ, ओपन विथ, गूगल डॉक्स. वर फोटो येतो आणि खाली टाइप झालेला मजकूर. चुका असतात, पण शोधण्यापुरतं भागतं.

शेअर करण्याचं रात्री लिहिते. आता आमच्याकडं पाहुणे आलेत.

शिवारफेरी_औसा

ताई, कॉपी-पेस्ट करून बघितलं. सापडली! आणि माझ्या फोनवरून टाइप करून टाकलं की परत गायब. म्हंजे "ऱ्य" च निघाला. ऑफिसातल्या मॅडमला दाखवलं तर त्यांचा विश्वासच बसंना, मग त्यांच्या संगणकावर "बंधाऱ्याचे फोटो" शोधून दाखवलं. तिथं तर अख्खं फोल्डर दडून बसलेलं.

रात्रीच्या पोस्टची वाट बघतो. त्यात एवढं सांगा, रात्री-अपरात्री "ॲक्सेस द्या" म्हणून मेल येत राहतात त्याचं काय करायचं. आणि यादीत लोकांचे आधार, पासबुक सगळं आहे. ते कसं पाठवायचं?

बांधावरची_परभणी

हं, आता शेअरिंग.

प्रती का वाढतात? फाईल पाठवली की प्रत होते, लिंक पाठवली की होत नाही. व्हॉट्सॲपवर एक्सेल टाकली की ती ज्याच्या-त्याच्या फोनात स्वतंत्र संसार थाटते. म्हणून आमच्याकडं यादीची लिंकच जाते. कोणी फाईल टाकलीच तर मी ग्रुपात फक्त लिंक डकवते, काही बोलत नाही. चार वेळा केलं की माणूस शिकतो.

पण लिंक पाठवून फाईल बदलायची वेळ आली तर? इथं बहुतेक जण नवी फाईल चढवतात आणि नवी लिंक पाठवतात, मग जुनी लिंक फिरतच राहते. उदाहरण घ्या सोयाबीनच्या हमीभावाचं. २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल, २०२५-२६ ला ५,३२८. दोन्ही वर्षांची पत्रकं "सोयाबीन हमीभाव" याच नावानं फिरली तर शेतकरी गटाच्या बैठकीत कोणीतरी जुना आकडा वाचणारच. तर पीडीएफ किंवा एक्सेल असेल तेव्हा त्या फाईलवर उजवी कळ दाबा, फाईलच्या माहितीत मॅनेज व्हर्जन्स आहे, तिथून नवी फाईल चढवा. लिंक तीच राहते, आतला मजकूर बदलतो. ज्याच्याकडं मागच्या वर्षीची लिंक आहे त्यालाही नवाच आकडा दिसतो. जुनी आवृत्ती ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत मागं राहते, कायम हवी असेल तर "कीप फॉरेव्हर"वर खूण करा. ऑडिटला दाखवायची असेल ती आवृत्ती नक्की खूण करून ठेवा.

गूगल शीट असेल तर आणखी सोपं. पुण्याच्या साहेबांना तीनशे ओळींच्या यादीतल्या एकाच गावाच्या ओळी दाखवायच्यात ना? तेवढ्या ओळी निवडा, उजवी कळ, सेलच्या जादा पर्यायांत "गेट लिंक टू धिस रेंज" येतं. ती लिंक उघडली की थेट त्याच ओळींवर जातं. आणि शीटमध्ये चाळणी लावायची तर साधी फिल्टर लावू नका, फिल्टर व्ह्यू घ्या. साधी लावली की तुमच्यासोबत सगळ्यांच्याच ओळी गायब होतात आणि मग निलंग्याहून फोन येतो, आमची गावं कोणी काढली म्हणून.

कोणाला कोरा नमुना द्यायचा असेल, समजा शेततळ्याच्या मोजमापाचा तक्ता, तर लिंकच्या शेवटी इंग्रजीत "एडिट" आणि त्याच्यापुढचं जे असतं ते खोडून इंग्रजीतच "कॉपी" लिहा. उघडणाऱ्याला सरळ "प्रत काढू का" विचारतं. तुमचा मूळ तक्ता खराब होत नाही.

ॲक्सेसचे मेल. ते येतात कारण एकेका माणसाला एकेक फाईल दिलेली असते. तुमच्या ॲडमिनकडून तालुक्यावार गूगल ग्रुप करून घ्या, प्रत्येक ग्रुपला एक ईमेल पत्ता मिळतो. फोल्डर माणसाला न देता त्या पत्त्याला द्यायचं. नवा माणूस आला की ग्रुपात घाला, सगळं त्याला आपोआप दिसतं. गेला की ग्रुपातून काढा, विषय संपला. तुमच्या प्लॅनमध्ये डावीकडं "शेअर्ड ड्राइव्ह" दिसत असेल तर कामाच्या फाईली तिथंच ठेवा. तिथली फाईल संस्थेची असते, कोणा एकाची नाही. वाळूजचे दादा चॅनलबद्दल म्हणाले त्याचा आपल्याकडचा अवतार तोच. "माय ड्राइव्ह"मधली फाईल ज्यानं बनवली त्याची, आणि "शेअर्ड विथ मी" हे तर फोल्डरच नव्हे, फक्त तुम्हाला कोणी काय दाखवलंय त्याची यादी. मालकानं काढून टाकली की तुमच्याकडूनही जाते.

तो नोकरी सोडून गेलेला गडी. त्याचं खातं अजून चालू आहे का, हे ॲडमिनला आजच विचारा, उद्या नको. चालू असेल तर त्याच्या फाईलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. खातं पुसून टाकलं असेल तर परत आणायला २० दिवस असतात, त्यापुढं काही हाती लागत नाही. आणि नुसती ट्रॅशमध्ये गेलेली फाईल ३० दिवसांत कायमची जाते.

आधार आणि पासबुकाबद्दल मी जरा कडक आहे, आधीच सांगते. "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय त्यांच्यासाठी कधीच नाही. घाईत हाच पर्याय दाबला जातो कारण मेल येणं थांबतं. पण ती लिंक गावच्या ग्रुपात गेली की शेतकऱ्याचा बारा आकडी नंबर, खातं, सही, सगळं बाजारात. "रिस्ट्रिक्टेड" ठेवा आणि नावानं द्या. बघणाऱ्याला डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करता येतं, शेअरच्या खिडकीत वर दातेरी चाकाचं चिन्ह आहे तिथं. मोबाईलनं फोटो काढणारा काढतोच, पण निदान फाईल फिरत नाही. आणि हे फोल्डर मोठ्या फोल्डरच्या पोटात ठेवू नका. वरच्याला दिलेला ॲक्सेस आतल्याला आपोआप लागतो. वेगळं, बाहेर.

खरं तर मी विचारते, पुण्याला आधारची गरज आहे तरी का? बहुतेक वेळा लाभार्थी मोजायचे असतात, त्याला शेवटचे चार आकडे पुरतात. मास्क्ड आधार त्याचसाठी असतं. यादीची एक शीट नंबरांसकट आतल्या दोघांपुरती आणि दुसरी बिननंबरची, ती खुशाल फिरवा.

कळंबचा_येडशीकर

ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. फिल्डवरचा माणूस फाईलला गावकोड आणि उलटी तारीख घालून नाव देईल, हे स्वप्न आहे. दुपारच्या उन्हात बांधावर उभं राहून, रेंज एक कांडी, त्यात कोण नाव देतंय. आमच्याकडं तीन बैठका झाल्या त्यावर, नियमाचा कागद भिंतीला लावला, फोटो तसेच येत राहिले.

शेवटी गूगल फॉर्म केला. गाव टाइपच करायचं नाही, खाली पडणाऱ्या यादीतून निवडायचं. कामाचा प्रकार निवडायचा. फोटो तिथंच जोडायचा. उत्तरं शीटमध्ये येतात, फोटोची लिंक त्याच ओळीत. आता फोटो शोधायलाच लागत नाही, शीटला गावाची चाळणी लावली की समोर. फाईलचं नाव काहीही असू द्या. फोटो जोडायला फोनात गूगलचं खातं चालू पाहिजे, एवढीच अट.

फोटोबद्दल अजून एक, कारण यात आमची बिलं अडकली होती. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो आणि आत लपलेली जागेची, वेळेची नोंद निघून जाते. फोटोवर छापलेला अक्षांश-रेखांश राहतो, आतली नोंद राहत नाही. ती हवी असेल तर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. मूळ नाव राहतं, मूळ आकार राहतो. डेटा जास्त जातो ही तक्रार येईल, ती खरी आहे.

रेंज नसलेल्या गावांसाठी यादी आधीच फोनात ऑफलाइन करून ठेवायची. ड्राइव्हमध्ये फाईलपुढचे तीन ठिपके, "अव्हेलेबल ऑफलाइन". ऑफिसातून निघायच्या आधी. गावात पोचल्यावर आठवण येते सगळ्यांना.

बांधावरची_परभणी

येडशीकर, हरले. फॉर्म माझ्या नियमापेक्षा बरा आहे, मान्य. फक्त फॉर्म कोणाच्या खात्यातून बनवला ते बघा. फोटो फॉर्मवाल्याच्या ड्राइव्हमध्ये साठतात. प्रोजेक्टवरच्या तात्पुरत्या पोरानं आपल्या खात्यातून बनवला असेल तर परत तोच गडी-गेला-फाईल-गेली प्रकार. ऑफिसच्या सामायिक खात्यातून बनवा.

आणि यादीतली गावांची नावं एकदाच, एकाच माणसानं, कोडासकट भरा. तिथं दोघांनी हात घातला की अंबाजोगाई दोनदा येते.

वाळूज_सेकंडशिफ्ट

चॅटवर कोणी बोललं नाही म्हणून. गूगल चॅटमध्येही शोधताना कोणी पाठवलं, कुठल्या स्पेसमध्ये, फाईल आहे का, लिंक आहे का, असं निवडता येतं. "मला नावानं कोणी बोलावलं" हाही पर्याय आहे, मोठ्या ग्रुपात फार कामाचा. पण आधी हिस्टरी चालू आहे का बघा. बंद असेल तर मेसेज २४ तासांत जातात, मग शोधायला काही उरतच नाही. माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसात बंद होती, कोणालाच पत्ता नव्हता.

आणि चॅटमध्ये महत्त्वाचं काही ठरलं तर ते चॅटमध्येच ठेवू नका. एक ओळ डॉक्समध्ये टाका, तारीख घालून. सहा महिन्यांनी "हे कोणी ठरवलं" विचारणारा येतोच.

शिवारफेरी_औसा

सगळ्यांचे लई आभार. काय काय झालं ते सांगतो.

ॲडमिनला विचारलं. त्या गड्याचं खातं नुसतं बंद केलेलं, पुसलेलं नव्हतं. मालकी मॅडमच्या नावावर झाली. चार याद्यांतली खरी कोणती तेही कळलं, कारण खरीच्या व्हर्जनांत शेवटपर्यंत बदल होत गेलेले, बाकी तीन एकदा चढवून सोडून दिलेल्या. त्या तीन काढल्या नाहीत, "जुने" नावाच्या फोल्डरात सरकवल्या. काढायची हिंमत झाली नाही, ऑडिट झाल्यावर बघू.

डिस्क्रिप्शनमध्ये सगळी स्पेलिंगं भरायला बसलोय. आधारचं फोल्डर बाहेर काढलं. तिथं बघितलं तर खरंच "लिंक असलेला कोणीही" होतं, कोणी केलं ते कोणी सांगंना.

गावकोडाची शीट केलीय, औसा आणि निलंगा पूर्ण, केज अर्धा. येडशीकर, कळंबची गावं तुमच्याकडं कोडासकट असतील तर त्या शीटची प्रतवाली लिंक इथं टाकता का? गावांचीच यादी आहे, माणसांची नाही, ताई रागावणार नाहीत.

कळंबचा_येडशीकर

टाकतो संध्याकाळी. दोन गावांचे कोड तपासायचे राहिलेत, ती पिवळी केलीत. ते तेवढे तहसीलमधून बघून घ्या.